टॉर्चमध्ये दम नाही

४ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०

शुक्रवारपर्यंत रिचार्जेबल टॉर्च घ्यायचा. निर्णय पक्का.

कारणं लिहून ठेवतो. मी पाणी खात्यात मीटर रीडर. एकतीस वर्षं झाली, तीन राहिली. माझ्या भागात दोनशे बारा मीटर. प्रत्येक घराच्या दाराशी जमिनीत चौकोनी खड्डा, वर लोखंडी झाकण, आत मीटर. आत अंधार, काचेवर चिखल, इंग्रजी आकडे तांदळाच्या दाण्याएवढे. पूर्वी मोठे असायचे. कंपन्यांनी लहान केलेत.

आजवर फोनच्या उजेडावर भागवलं. गेल्या मंगळवारी फोन एका खड्ड्यात पडला. खड्ड्यात पाणी होतं. ते दिसेल असं नव्हतं. नवीन फोन घेतला, पण तो खड्ड्याच्या आसपास न्यायचा नाही असा हिचा हुकूम आहे. खात्याकडे टॉर्चसाठी अर्ज केला होता. साहेब म्हणाले, सगळ्यांकडे फोन आहेत.

माझ्या अटी: पाचशेच्या आत. मुठीत मावणारा. बटण अंगठ्याखाली, शेपटाला नको. मोड एकच. चार्जिंगला फोनचीच वायर चालावी. गळ्यात अडकवायला दोरी. उजेड पिवळसर, पांढरा टोचतो. पाण्यात पडला तरी चालला पाहिजे.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, एक बॅटरी आणायची तर एवढं काय त्यात. बॅटरी आत असते आणि बाहेरच्या वस्तूला टॉर्च म्हणतात, हे समजावून सांगितलं. ती भाजी चिरायला गेली.

ही वही कोणाला दाखवायची नाही.

५ जानेवारी, मंगळवार

इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर सात टॉर्च ओळीने मांडले. मी एकेक पेटवून समोरच्या भिंतीवर उजेड पाडायला लावला. सातही मंद. मी म्हणालो, चार्ज केलेले दाखवा. तो म्हणाला, सगळे सकाळीच चार्ज केलेत. भिंतीपाशी एक बाई बल्ब घ्यायला उभ्या होत्या, त्यांनी पिशवी चेहऱ्यासमोर धरली. म्हणाल्या, अहो, डोळे जातील माझे.

काही लोकांचे डोळे नाजूक असतात.

शेवटी एक निळा घेतला. मोड एक, दोरी आहे, बटण अंगठ्याखाली. किंमत अटीत बसते. उजेडाचं बघू. पहिल्यांदा पूर्ण चार्ज झाल्यावर खुलेल.

६ जानेवारी, बुधवार

खुलला नाही. पहिल्याच मीटरवर कळलं. उजेड पडतो, पण आकड्यांवर पसरतो, दुधात पाणी घातल्यासारखा. शिवाय दिव्याभोवती गोल वलय येतं. इंद्रधनुष्याचे रंग असतात त्यात. हा सरळसरळ मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट.

संध्याकाळी परत केला. दुकानदाराने पेटवला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. वलय कुठे आहे, विचारलं. मी बोट दाखवलं. तो बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत होता. मग तसाच दुसरा दिला, हिरवा. म्हणाला, याहून चांगला या किमतीत माझ्याकडे नाही. चांगला माणूस आहे, पण माल ठेवायची दृष्टी नाही.

७ जानेवारी

हिरव्यालाही वलय. पूर्ण लॉटच खराब आला असावा.

८ जानेवारी, शुक्रवार

साडूला फोन केला. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ऑनलाइन वस्तू घेण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. घरात तीन मिक्सर आहेत. तो म्हणाला, दादा, तुम्ही लुमेन बघितलेत का. मी म्हणालो, बघितले. फोन ठेवल्यावर लुमेन म्हणजे काय ते हिला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं, म्हणजे अवघड गोष्ट असणार.

त्याने सुचवलेला टॉर्च मागवला. चार हजार तीनशे रिव्ह्यू. ते हिने वाचून दाखवले, कारण हल्ली स्क्रीनवर अक्षरं फार फिकी देतात. दहा-बारा वाचून ती थांबली आणि म्हणाली, एकदा डोळे दाखवून या ना. मी म्हणालो, चष्मा आहे. म्हणाली, सहा वर्षांचा आहे. मी म्हणालो, आमचे वडील ऐंशीव्या वर्षापर्यंत रोज चष्म्याशिवाय पेपर वाचत. ती म्हणाली, पेपर हातात धरत. काय वाचलं ते त्यांना कधी कोणी विचारलं नाही.

वाद घालून उपयोग नसतो.

१२ जानेवारी, मंगळवार

या महिन्याची सगळी रीडिंग पूर्ण. दोनशे बारा. तारखेच्या आत. हिरव्या टॉर्चवर केलं, यावरून काय ते समजा. जिथे टॉर्च कमी पडला तिथे अनुभव वापरला. तीन आणि आठ यांच्यातला फरक मला नुसत्या वासावरून कळतो.

स्कूटर सोडली. चालणं प्रकृतीला चांगलं. त्यात संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्या हल्ली फार मोठे दिवे लावतात. ते दिवे बनवणाऱ्यांनी टॉर्च का बनवू नयेत?

१५ जानेवारी, शुक्रवार

साडूचा टॉर्च आला. पाच मोड. जास्त, मध्यम, कमी, लुकलुक, आणि एक संकटात मदत मागायचा, तीन छोटे तीन मोठे तीन छोटे. बटण एकच, म्हणजे जास्तवरून बंद करायला चारही मोडांतून जावं लागतं. अटींत स्पष्ट लिहिलं होतं, मोड एकच. मी साडूचं ऐकलं ही चूक.

वलय याही टॉर्चला आहे. देशोदेशी एकाच कारखान्यातून माल जात असावा.

१८ जानेवारी, सोमवार

ऑफिसात आकडे कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या मॅडमनी बोलावलं. गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांचं मीटर. डिसेंबरला १३१५, आता १८२७. एका महिन्यात पाचशे बारा युनिट. एरवी बारा येतात. कॉम्प्युटर लाल झाला आहे म्हणाल्या. पुन्हा बघून येता का?

मी म्हणालो, मॅडम, मी एकदा लिहिलेला आकडा एकतीस वर्षांत बदललेला नाही. हे खरं आहे.

मग साहेब म्हणाले, म्हणजे गळती. मी म्हणालो, गळतीच. मोठी गळती माझ्या रीडिंगमुळे सापडली. साहेबांनी गळती पथकाला ऑर्डर काढली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. कौतुकाने असावं, चेहरा नीट दिसला नाही, खिडकीतून उजेड येत होता.

२१ जानेवारी, गुरुवार

कपाळावर बांधायचा टॉर्च आणला. दोन्ही हात मोकळे राहतात. खाणकामगार हाच वापरतात. घरात लावून पाहिला. ज्याच्याशी बोलावं तो तोंड फिरवतो. हिने भिंतीकडे तोंड करून जेवण वाढलं. विचारलं, आता हा किती दिवस?

उजेडाच्या बाबतीत हाही तसाच.

अटींमध्ये दुरुस्ती: पाचशेची मर्यादा उठवली.

२५ जानेवारी, सोमवार

गळती पथक आज शिवणवाल्या बाईंकडे गेलं. मीही गेलो, आपली केस म्हणून. त्यांचं घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत मशीन, दाराबाहेर फरशा बसवलेली छोटी जागा, तिथे गिऱ्हाइकांसाठी बाकडं. पथकाने बाकडं उचललं, फरशा उखडल्या आणि खणायला लागले.

बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, मीटरवाले भाऊ, मी एकटी राहते. एवढं पाणी मी कुठे सांडेन? मी म्हणालो, तुम्ही सांडत नाही, पाइप सांडतो. जमिनीखालचं आपल्याला दिसत नाही. त्या म्हणाल्या, पण एवढं पाणी गेलं तर माती ओली नको का?

हा मुद्दा मी पथकाच्या मुकादमाला सांगितला. तो म्हणाला, आमच्या ऑर्डरवर खणा असं लिहिलंय.

२७ जानेवारी, बुधवार

कमरेएवढा खड्डा. पाइप कोरडा. मुकादमाने हात फिरवून दाखवला. मी त्याला सांगितलं, गळती आडवी जाते. तो म्हणाला, किती आडवी? मी अंदाजाने हात पसरले. त्यांनी तेवढं आडवं खणलं. तिथेही कोरडं.

मी विचारलं, मीटर पुन्हा बघायचं का? मुकादम म्हणाला, मीटर बघणं तुमचं काम, आणि आता ते बघायचं तर ही माती हलवावी लागेल. सगळी माती मीटरच्या झाकणावर टाकली होती.

काढलेल्या फरशा नीट रचून ठेवल्या आहेत का, बाईंनी विचारलं. रचल्या नव्हत्या. बऱ्याच फुटल्या होत्या.

३० जानेवारी, शनिवार

पथक निघून गेलं. खड्डा उघडाच आहे. खणणं त्यांच्याकडे, बुजवणं दुसऱ्या विभागाकडे. बाईंनी खड्ड्यावर एक फळी टाकली आहे. आज जाताना बघितलं, एक म्हाताऱ्या आजी ब्लाऊजचं कापड घेऊन आल्या होत्या. फळीपाशी थांबल्या, दोनदा पाय पुढे केला, मागे घेतला आणि परत गेल्या. बाई आतून हाक मारत होत्या, मी येते तिकडे, थांबा. तोवर आजी वळल्या होत्या.

मला वाईट वाटलं. पण गळती शोधायची तर थोडी गैरसोय होणारच.

हजार लुमेनचा टॉर्च ऑर्डर केला. पुढच्या महिन्याचं रीडिंग त्यानेच करायचं, आणि सुरुवात त्या बाईंपासून. एकदा नीट उजेड पडला की सगळं स्पष्ट होईल.

ही म्हणाली, वहीत अक्षर केवढं काढता, पानात सहा ओळी. मी म्हणालो, मोठं अक्षर आत्मविश्वासाचं लक्षण आहे.

२ फेब्रुवारी, मंगळवार

हजार लुमेनचा आला. काय वजन आहे. डब्यावर लिहिलं आहे, कोणाच्याही डोळ्यांत मारू नये. शेवटी योग्य वस्तू मिळाली. दुपारी अंगणात पेटवून पाहिला, दिवसा दिसत नाही काही. शेजारचे म्हणाले, दिसतंय की, बंद करा.

४ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी

आज काय झालं ते लिहायचं की नाही, हे ठरवायला दोन तास गेले.

सकाळी अकरा वाजता शिवणवाल्या बाईंकडे गेलो. मीटरच्या झाकणावरची माती त्यांनी आधीच बाजूला केली होती. स्वतः, घमेल्याने. झाकण उघडलं, काच पुसली, हजार लुमेन पेटवला, गुडघे टेकून आत वाकलो. आकडा लिहिला: १८३९. मागच्या महिन्याहून बारा जास्त. म्हणजे वापर पूर्ववत.

मी त्यांना म्हणालो, बाई, गळती थांबली. त्या म्हणाल्या, कुठे गेली? मी म्हणालो, खणताना दाब बदलतो, कधीकधी आपोआप बुजते. त्या माझ्या शेजारी येऊन उकिडव्या बसल्या. मग माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि बंद केला.

खड्ड्यात ऊन पडलं होतं. ते मला टॉर्च बंद झाल्यावर कळलं.

त्या म्हणाल्या, एक तीन तीन नऊ.

मी म्हणालो, एक आठ. त्या म्हणाल्या, तीन आहे, भाऊ. डावीकडून उघडा आहे तो. आठ दोन्हीकडून बंद असतो. त्यांनी बोट काचेवर ठेवून दाखवलं. मला बोट दिसलं.

मी म्हणालो, काच खराब आहे. मग म्हणालो, हा टॉर्चही तसा चांगला नाही. त्या म्हणाल्या, माझी आई पण शिवायची. शेवटी शेवटी दोन वर्षं ती माझ्या दोऱ्याला नावं ठेवत होती. म्हणायची, जाडा दोरा आणतेस, सुईत जातच नाही. मी दुकानं बदलली, मोठ्या नेढ्याच्या सुया आणल्या. तिला दिसत नव्हतं, हे तिनेही सांगितलं नाही आणि मलाही कळलं नाही.

मग टॉर्च परत दिला. म्हणाल्या, तुम्हाला दिसत नाहीये.

मी म्हणालो, बघतो. आणि निघालो. फळीवरून जाताना त्यांनी माझा दंड धरला होता. मी सोडवून घेतला नाही.

४ फेब्रुवारी. संध्याकाळी

ऊन फार होतं. उन्हात डोळे दिपतात, कोणाचेही.

आकडा १३३९ धरला तर जानेवारीचा १३२७ होतो. म्हणजे बारा युनिट. म्हणजे गळती नव्हती. डिसेंबरचा १३१५ बरोबर कसा आला, याचा विचार केला. तो मी अंदाजाने लिहिला होता.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात कोणी नसताना एकेक डोळा झाकून पाहिलं. उजवा झाकला तर भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, तारखा नाहीत. डावा झाकला तर कॅलेंडर नाही.

कॅलेंडर स्वस्तातलं आहे.

दुपारी हिला म्हणालो, ते डोळ्यांचं एकदा बघून घेऊ का? ती म्हणाली, उद्या साडेदहाची वेळ घेतली आहे. मी विचारलं, कधी घेतलीस? म्हणाली, नोव्हेंबरपासून घेतेय आणि पुढे ढकलतेय.

६ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टर बाई तरुण आहेत. त्यांच्याकडे पेनाएवढा टॉर्च. मी विचारलं, किती लुमेन? म्हणाल्या, माहीत नाही, औषध कंपनीवाले देऊन गेले.

तो माझ्या डोळ्यांत मारला आणि लगेच म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगला पिकलाय. कधीपासून कमी दिसतंय? मी म्हणालो, डिसेंबरपासून, फोन खड्ड्यात पडल्यापासून. ही म्हणाली, दोन वर्षं. डॉक्टरांनी दोन वर्षं लिहिलं.

दिव्याभोवती वलय दिसतं का? समोरून गाडी आली की त्रास होतो का? पांढरा उजेड टोचतो का? मी तिन्हीला हो म्हणालो. त्या लिहीत गेल्या. मग त्यांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. म्हणाल्या, मग इतके दिवस कसं केलंत? मी म्हणालो, टॉर्च बदलत होतो.

परतताना रिक्षात ही रस्त्याकडे बघत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

८ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना सांगायला गेलो. दोन वाक्यं पाठ केली होती. दाराशी अर्धा तास उभा राहिलो, मग शिपायाने आत ढकलल्यासारखं केलं. पाठ केलेली वाक्यं आठवली नाहीत. म्हणालो, साहेब, त्या बाईंकडे गळती नव्हती, मला दिसत नाही.

साहेबांनी मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, मला वाटलंच होतं, पण तुम्ही इतक्या खात्रीने बोललात. शेजारच्या भागाचा रीडर आणि त्या मिळून माझी दोनशे बारा मीटर पुन्हा तपासणार. मी म्हणालो, चुका फार नसतील. पाच-सहा.

ऑपरेशन होईपर्यंत मी टेबलावर बसायचं. सर्टिफिकेट आणलं तर पुढचं बघू, म्हणाले. न आणलं तर काय, ते मी विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

सदतीस.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. माझ्या अंगावर जो दिवा होता तो आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात चांगला. हे सगळं ही लिहिते आहे, मी सांगतोय. वही तिला दाखवावी लागली. मागची पानं वाचायची नाहीत असं ठरलं आहे. ती मध्ये मध्ये हसते आहे, म्हणजे वाचली आहेत.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

काल पट्टी काढली. आज घरात नीट बघितलं.

स्वयंपाकघराची भिंत निळी आहे. मी ती राखाडी समजत होतो आणि रंगाऱ्याला दोन वर्षं शिव्या देत होतो. पंख्यावर धूळ आहे. माझ्या शर्टाच्या कॉलरवर डाग आहे आणि तो जुना आहे.

हिचे केस पांढरे झालेत. पुढचे सगळे. मी विचारलं, हे कधी झालं? ती म्हणाली, तुमच्यासमोरच.

डाव्या डोळ्याने बघितलं तर अजून काळे दिसतात. दोन्ही उघडे ठेवून बसलो.

२२ फेब्रुवारी, सोमवार

चारही टॉर्च टेबलावर मांडले. हिरवा भिंतीवर पाडला. भिंत लख्ख. वलय नाही. हजार लुमेनचा पाडला तर मागे सरकलो. दुकानदाराचा हिरवाच ठेवायचा. मोड एक, दोरी आहे, मुठीत मावतो. पिवळसर उजेडाची अट काढून टाकली, आता पांढरा टोचत नाही.

बाकीचे तीन काय करायचे, हे साडूला विचारलं. तो म्हणाला, दादा, रिटर्नची मुदत गेली. मग म्हणाला, मला पण रात्री गाडी चालवताना दिव्यांना वलय दिसतं. मी त्याला डॉक्टर बाईंचा नंबर दिला. तो म्हणाला, आधी काच बदलून बघतो गाडीची.

६ मार्च, शनिवार

शिवणवाल्या बाईंकडे माफी मागायला गेलो. खड्डा बुजवणाऱ्यांनी तो नुसत्या मातीने भरला आहे, फरशी त्यांच्या कामात येत नाही. पाऊस नसूनही चिखल, कारण बाई धूळ बसावी म्हणून पाणी मारतात. बाकडं भिंतीला उभं करून ठेवलेलं.

मी म्हणालो, कसं आहे, कॉम्प्युटरने लाल दाखवलं की खात्याला ऑर्डर काढावीच लागते. मग मोतीबिंदू कसा पिकतो ते सांगितलं. डोळ्यांत घालायच्या थेंबांची नावं सांगितली. त्या बटण लावत होत्या. ऐकून घेतलं. म्हणाल्या, दिसतंय ना आता? मी म्हणालो, एका डोळ्याने. म्हणाल्या, बरं झालं.

घरी आल्यावर लक्षात आलं, माफी मागितलीच नाही. उद्या.

७ मार्च

उद्या.

२३ मार्च, मंगळवार

गेल्या आठवड्यात डावाही डोळा झाला. आज तपासून डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. सर्टिफिकेट मिळालं. साहेबांनी वाचलं, फाइलला लावलं आणि म्हणाले, एप्रिलपासून तुमचा भाग तुम्हाला, पण पहिले तीन महिने मॅडम दर दहावं मीटर तपासणार. मी म्हणालो, चालेल. पूर्वी म्हणालो नसतो.

सदतीस घरांच्या दुरुस्तीचे अर्ज मीच भरले. सगळे आकडे दोनदा वाचले. आठ दोन्हीकडून बंद असतो.

२९ मार्च, सोमवार

फरशीसाठी खात्यात विचारलं. फाइल आहे, म्हणाले. कुठे आहे? फिरते आहे.

साहेबांना विचारलं, मी स्वतः बसवली तर? ते म्हणाले, अधिकृतपणे मला हे तुम्ही विचारलेलं नाही.

ठरवलं. माझ्या पैशाने, माझ्या हाताने. बारा फरशा, अर्धं पोतं सिमेंट, वाळू. गवंड्याला पाच मिनिटं विचारलं. तो म्हणाला, सोपं आहे, फक्त खालची माती नीट ठोकून घ्या. एका सकाळचं काम, येत्या रविवारी. डॉक्टरांचे दोन आठवडे सहा तारखेला, मंगळवारी पुरे होतात. रविवार आणि मंगळवार यांत फार फरक नाही.

४ एप्रिल, रविवार. दुपारी ३

पोतं हिने उचलू दिलं नाही. हातगाडीवाल्याने बाईंच्या दारात आणून टाकलं. सकाळी सात वाजता सुरुवात केली.

बाई म्हणाल्या, भाऊ, रविवारी कशाला? मी म्हणालो, माझ्यामुळे उखडल्या. तुम्ही म्हणत होतात एवढं पाणी कुठे जाईल, माती कोरडी आहे, ते बरोबर होतं. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली. एवढं एका दमात म्हणालो आणि वाळू चाळायला लागलो, त्यामुळे त्यांचा चेहरा कसा झाला ते बघितलं नाही. थोड्या वेळाने मशीनचा आवाज सुरू झाला.

माती ठोकली. पहिल्या चार फरशा सुरेख बसल्या. पाचवीला सिमेंट कमी पडलं, सहावीला जास्त. आठवीपर्यंत ऊन डोक्यावर आलं. ओळ सरळ ठेवायला दोरी लावायची असते, हे गवंड्याने सांगितलं होतं, ते नवव्या फरशीला आठवलं. शेवटची कडेला बसेना म्हणून कोपरा तोडला. जास्त तुटला. साडेबाराला संपलं. बाईंनी पाणी आणून दिलं. मी उभा राहून सगळीकडे नीट बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. एक ओळ डावीकडे जाते, मधल्या दोन फरशा बाकीच्यांपेक्षा बोटभर वर आहेत.

तेवढ्यात बाई बाकडं घेऊन बाहेर आल्या. मी म्हणालो, आज नको, दोन दिवस वाळू द्या. त्यांनी ते दाराशी टेकवून ठेवलं आणि सहाव्या फरशीच्या टोकावर पाय जरासा दाबून पाहिला. फरशी हलली. त्यांनी पाय उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा हलली. मग माझ्याकडे बघितलं.

ओली आहे, बसेल हळूहळू, असं म्हणणार होतो.

म्हणालो, हलते आहे. मला दिसलं. पुढच्या रविवारी गवंड्याला घेऊन येतो.